उन्हाळ्यात बंद झालेली बीपीची गोळी आणि हिवाळ्यात फुटणारी डोक्यातली नस

गिरणाकाठ_मेडिकल (धागालेखक)

मेंदूतल्या रक्तस्रावाची चर्चा आपल्याकडे निघते ती मे महिन्यात. जळगावचा पारा ४५ च्या पुढे सरकला, भुसावळचं नाव टीव्हीच्या पट्टीवर झळकलं, की दुकानाच्या बाकड्यावर टेकलेला एखादा आबा म्हणतोच, "असल्या उन्हात डोक्यातली नस फुटायला कितीसा वेळ?" त्याच्याकडे पुरावाही तयार असतो. ऊन वाढलं की पोरांचा घोळणा फुटतो. नाकातली नस फुटते, तर मेंदूतली का नाही फुटणार?

ऐकायला सरळ वाटतं, पण दोन्हीकडचा मामला वेगळा. घोळणा फुटतो तो नाकाच्या पुढच्या भागातल्या पडद्यावर. तिथलं अस्तर पातळ, हवा कोरडी, खपली धरते, पोरगं बोट घालतं, रक्त येतं. मेंदूतल्या रक्तस्रावाचं मुख्य कारण म्हणजे वर्षानुवर्षं अंगावर काढलेला रक्तदाब. मेंदूच्या खोल भागात मोठ्या धमनीपासून थेट निघालेल्या अगदी बारीक शाखा असतात. मोठ्या धमनीतला दाब तिथं पोचेपर्यंत फारसा उतरत नाही. तो सोसून सोसून या शाखांची भिंत कडक आणि ठिसूळ होते, आणि एखाद्या दिवशी दाब उसळला की फाटते. बाहेर ऊन किती आहे याच्याशी त्या भिंतीचा थेट संबंध नाही.

दाब उसळतो कधी, हा खरा प्रश्न. जपान, चीन, युरोप, अमेरिका इथल्या बहुतेक नोंदी सांगतात की असा रक्तस्राव हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो. दिवसातही सकाळी ६ ते दुपारी १२ हा काळ जास्त धोक्याचा, कारण झोपेतून उठताना दाब आपोआप चढतो. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, म्हणजे तेवढंच रक्त कमी जागेत फिरतं. घाम नाही, त्यामुळे मीठ आणि पाणी अंगात राहतं. अंग गरम ठेवायची जी यंत्रणा आहे तीच हृदयाला आणि धमन्यांना जोर लावायला सांगते.

किती फरक पडतो? चीनमध्ये ५ लाखांवर प्रौढांचे रक्तदाब मोजले गेले. त्यात हिवाळ्यातला वरचा आकडा उन्हाळ्यापेक्षा सरासरी १० ने जास्त निघाला, खेड्यात त्याहूनही जास्त. ज्या भागात घरं गरम ठेवायची सोय होती तिथं बाहेर कितीही गारठा पडला तरी एका मर्यादेनंतर दाब वाढायचा थांबला. सोय नव्हती तिथं चढतच राहिला. आता आपलं बघा. घर गरम करायची कल्पनाच आपल्याकडे नाही. जुनी धाब्याची घरं निदान ऊब धरून ठेवत, पत्र्याची घरं पहाटे बाहेरच्याइतकीच गार. हे १० किरकोळ वाटत असतील तर दुसरा आकडा सांगतो. चाळिशी ते सत्तरीच्या लोकांत वरचा रक्तदाब २० ने जास्त असला की पक्षाघाताने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो.

खान्देशची थंडी लोकांच्या लक्षात राहत नाही, कारण उन्हाळा इतका बोलबाला करून जातो. पण धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ६ अंशांच्या खाली गेलेला आपण पाहिलाय. आणि त्याच दिवशी दुपारी ऊन चांगलं तापतं. पहाटे स्वेटर, कानटोपी आणि दुपारी बनियन, असा एका दिवसात वीस-वीस अंशांचा हेलकावा. शरीराला तो सोसावाच लागतो.

आता माझं खरं गाऱ्हाणं, ज्यासाठी धागा काढला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बीपीच्या गोळ्यांचा खप खाली येतो. उन्हाळ्यात घाम जातो, रक्तवाहिन्या सैल होतात, दाब उतरतो. गोळी तीच चालू असली की उठताना चक्कर येते. हे खरं आहे, खोटं नाही. काही जणांना डॉक्टर स्वतःच गोळी अर्धी करून देतात, आणि ते बरोबरच असतं. पण बरेच जण डॉक्टरकडे जातच नाहीत. "आता नॉर्मल आलंय" म्हणून स्वतःच बंद करतात. मग पाऊस येतो, पेरणी, निंदणी, कानबाई, गणपती, कापूस वेचणी. दिवाळी होते. थंडी पडते. दाब पुन्हा वर गेलेला असतो आणि गोळी मात्र आखाजीपासून बंदच. दाब वाढला म्हणून काही दुखत नाही, त्यामुळे माणसाला काही कळत नाही.

दुकानात डिसेंबरात येणारे हेच लोक माझ्याकडे काय मागतात? सर्दीची गोळी आणि गुडघ्याची गोळी. नाक मोकळं करणाऱ्या बहुतेक गोळ्यांत फेनिलेफ्रिनसारखं औषध असतं, ते नाकातल्या रक्तवाहिन्या आखडून काम करतं. नाकातल्या आखडतात तशा इतर ठिकाणच्याही थोड्या आखडतात. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात आणि बीपीच्या काही औषधांचा जोर कमी करतात. म्हणजे थंडी, मीठ, बंद गोळी, आणि वरून या दोन. मी प्रत्येकाला विचारतो, "काका, बीपी आहे का?" उत्तर ठरलेलं असतं: "होतं."

इथं डॉक्टर मंडळी आहेत, शेतकरी आहेत, पुण्या-मुंबईत राहून गावाकडच्या आईबापांची काळजी करणारे आहेत. तुमच्याकडे काय दिसतं ते लिहा.

---

पांझरा_वारा

धुळ्याहून सहमत. "होतं" वाचून हसू आलं आणि लगेच वडील आठवले. त्यांचं उत्तर याच्याही पुढचं असतं: "मले काही नई व्हत."

त्यांचं फिरणं पहाटे पाचचं. हिवाळ्यात गल्लीतले सगळे म्हातारे कानटोप्या घालून निघतात, जणू हजेरी लागते. साडेसातला, ऊन आल्यावर जा म्हटलं तर म्हणतात तेव्हा गाड्यांचा धूर असतो. वस्तुतः पहाटेच धूर खाली साचून राहतो, गल्लोगल्ली शेकोट्या पेटलेल्या असतात.

---

रावेरचा_केळीवाला

मेडिकलवाले भाऊ, आमचं वेगळं सांगतो. पहाटे पाचचं फिरणं सोडा, आमची पहाट रात्री दोनला होते. शेतीची लाईट रात्रपाळीची असली की मोटार चालू करायला तेव्हाच जावं लागतं. केळीला पाणी, गव्हाला पाणी, हरभऱ्याला पाणी. चप्पल चिखलात, हात गार पाण्यात, बॅटरी तोंडात. थंडी वाढली की केळीवर चरका पडतो, पानं पिवळी, घड वाढतच नाही. मग बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करायचा, रात्री पाणी देऊन जमीन उबदार ठेवायची. कोणत्या रात्री किती अंश होते ते माझ्या बागेचं मला तोंडपाठ असतं.

माझं स्वतःचं बीपी किती आहे ते विचारू नका. सहा महिन्यांत मोजलेलं नाही. वय बावन्न.

---

गिरणाकाठ_मेडिकल

@रावेरचा_केळीवाला, उद्या कुठेही मोजा आणि इथं लिहा. थट्टा नाही करत. गार पाण्यात हात घातला की दाब किती चढतो यावर तर नव्वद वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी चाचणी बसवली होती. माणसाचा हात बर्फाच्या पाण्यात एखादं मिनिट ठेवायचा आणि दुसऱ्या हातावर बीपी मोजायचं. काहींचा फारसा हलत नाही, काहींचा झपाट्याने चढतो. तुम्ही रोज रात्री ती चाचणी बारं धरता धरता देता आहात.

---

शंकासुर_भुसावळ

धागा चांगला, पण एकतर्फी वाटतो. मे महिन्यात आमच्या नात्यातच दोघांना झटका आला. एकाची उजवी बाजू गेली, एक वारला. आकडेवारी चीन-जपानची. तिथं बर्फ पडतो, इथं डांबर वितळतं. त्यांचा नियम आम्हाला कसा लागू? आणि उन्हाळ्यात काहीच धोका नाही असं लोकांनी समजून घेतलं तर?

---

फिजिशियन_धुळे

शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर.

लकवा, पक्षाघात, झटका या नावाखाली दोन उलट आजार एकत्र येतात. एकात गुठळीने रक्तवाहिनी बंद होते. दुसऱ्यात ती फुटते. २०१९ च्या जागतिक अंदाजात नव्या पक्षाघातांपैकी सुमारे ६२ टक्के गुठळीचे, २८ टक्के मेंदूच्या आतल्या रक्तस्रावाचे आणि उरलेले सुमारे १० टक्के मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावाचे होते. तुमच्या नात्यातल्या दोघांना यातलं काय झालं होतं ते सीटी स्कॅनशिवाय सांगता येणार नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

उन्हाळा प्रामुख्याने गुठळीच्या बाजूने काम करतो. घामाने पाणी जातं, रक्त दाट होतं, दाब उतरतो, आणि आधीच अरुंद झालेल्या धमनीत प्रवाह मंदावतो. म्हणजे मे महिना निर्धोक नाही, फक्त त्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. उष्माघात हा तिसराच प्रकार. त्यात अंगाचं तापमान ४० च्या वर जातं, माणूस बरळतो, बेशुद्ध पडतो, पण सहसा एक बाजू लुळी पडत नाही. तिथं पहिलं काम अंग गार करण्याचं.

उन्हाळ्यातही रक्तस्राव घडवणारा एक रस्ता आहे, आणि तो तरुण बायकांचा जीव घेतो, म्हणून मुद्दाम लिहितो. मेंदूतून अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा असतात. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात पाणी कमी पडलं तर या शिरांमध्ये गुठळी होते, रक्त मागे तुंबतं आणि मेंदूत फुटतं. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, पोट सुटतं, अशी जी समजूत आहे ती एप्रिल-मे महिन्यात फार महागात पडते. बाळंतिणीला दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, फिट (आकडी), एवढं दिसलं तरी "अशक्तपणा आहे" म्हणून घरी ठेवू नका.

आता तुमचा मुख्य मुद्दा, बर्फाच्या देशाचा नियम इथं लागू का. शरीर बाहेरच्या आकड्यापेक्षा बदलाला जास्त जुमानतं. ४५ ला सवयीच्या माणसाला ८ अंश बोचतात, आणि त्याच्याकडे जाड कपडे, बंद खिडक्या, गरम खोली यांतलं काही नसतं. आमच्या ओपीडीत दिवाळीनंतर तेच रुग्ण, त्याच गोळीवर, जास्त आकडा घेऊन येतात. फ्रान्समध्ये पासष्टीपुढच्या ८ हजारांहून जास्त लोकांत हेच दिसलं. सगळ्यात गार आणि सगळ्यात उबदार दिवसांत वरच्या आकड्याचा फरक ८ चा होता.

मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव मात्र वेगळा धरा. तो बहुधा धमनीवर आलेला फुगा फुटून होतो आणि ऋतूशी त्याचं नातं तितकं स्पष्ट नाही. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी क्षणात सुरू होते. "डोक्यात बॉम्ब फुटल्यासारखं झालं" असं रुग्ण सांगतो. तिथं ऋतू कुठलाही असो, थेट दवाखाना.

---

शंकासुर_भुसावळ

समजलं. गुठळी आणि फुटणं यातला फरक आम्हाला कोणी सांगितलाच नव्हता. सगळ्याला "लकवा" म्हणतात आणि दोन्हीला एकच तेल चोळतात.

---

माहेर_शिरपूर

मी पुण्यात असते, आई-दादा शिरपूरला. डॉक्टरसाहेब, बाळंतिणीचं वाचून काटा आला. वहिनी मागच्या चैत्रात बाळंत झाली तेव्हा आजी तिला मोजून फुलपात्रंभर पाणी द्यायची. आईलाच भांडावं लागलं.

माझा प्रश्न आईबद्दल. तिचं बीपी उन्हाळ्यात ११० च्या आसपास असतं आणि थंडीत १५० ला जातं. ती म्हणते, "मशीन खराब आहे." गोळी वर्षभर एकच. डॉक्टर बदलायचा का?

---

फिजिशियन_धुळे

डॉक्टर बदलायची गरज नाही ताई, डॉक्टरला आकडे दाखवायची आहे. तुम्ही लिहिलेला फरक मशीनचा असेलच असं नाही. सकाळ-संध्याकाळ एक आठवडा मोजून कागदावर लिहा आणि दाखवा. दसऱ्याच्या सुमारास एकदा आणि होळीनंतर एकदा असं केलं तरी डोस ऋतूप्रमाणे बसवता येतो. मात्र कमी-जास्त करायचं ते त्यांनी, आईने नाही.

मशीन दंडावर बांधायचंच घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, हात छातीच्या उंचीवर. आणि स्वेटरच्या बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. थंडीत हे सर्रास होतं. बाही वर गुंडाळून दंडाला आवळली तरी आकडा चुकतो.

---

अहिराणी_गडी

डाक्टरसाहेब, एक गोठ सांगा. आमना गावमा बठ्ठा म्हणतस, आंग धोवतांना पहिले पायवर पानी टाका, मंग खांदावर, डोकावर सगळाना मांगे. नई तं डोकानी नस फुटस. मोबाईलवर बी येस. हाई खरं शे का?

---

फिजिशियन_धुळे

पाणी आधी डोक्यावर घेतलं म्हणून नस फुटल्याचा काही पुरावा नाही भाऊ. क्रम कोणताही ठेवा. पाणी किती गार आहे ते महत्त्वाचं. कार्तिकस्नानाला पहाटे तापीत बुडी मारणाऱ्याच्या अंगावर एकदम थंडीचा मारा होतो आणि दाब चढतो, मग पाणी आधी पायाला लागो की डोक्याला. बीपी असलेल्या माणसाने हिवाळ्यात कोमट पाण्याने, ऊन वर आल्यावर अंघोळ करावी. देव समजून घेईल.

मोबाईलवरचा दुसरा संदेश जास्त घातक आहे. लकवा आला की सुईने दहाही बोटं टोचून रक्त काढा, हा. त्यात फक्त वेळ जातो.

---

मेहरूणची_बोरं

अमावास्या-पौर्णिमेला असे पेशंट वाढतात का हो? आमचे शेजारी ठामपणे सांगतात.

---

शंकासुर_भुसावळ

पौर्णिमेला शेजारी वाढतात. (हलके घ्या.)

---

गिरणाकाठ_मेडिकल

चंद्राचं जाऊ द्या, कॅलेंडरचा एक वेगळा संबंध आहे. मार्गशीर्षातली यात्रा, लग्नं, भरीत पार्ट्या. या दिवसांत दारू वाढते, जागरण वाढतं आणि औषधाची पिशवी घरी राहते. सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला गेलेला माणूस चार दिवस गोळी घेत नाही, हे मी त्याच्या उरलेल्या पाकिटावरून सांगू शकतो. खूप दारू हे मेंदूतल्या रक्तस्रावाचं स्वतंत्र कारण आहे. त्यासाठी थंडीचीही गरज नाही.

---

भरीत_पुरी_कळणा

भरीताला हात लावू नका!!! बामणोदचं वांगं निर्दोष आहे.

---

गिरणाकाठ_मेडिकल

वांगं निर्दोषच आहे. कळण्याची भाकरीही निर्दोष. आरोपी आहेत ते सोबतचे: पापड, बिबड्या, लोणचं, ठेचा, वरून मूठभर शेव. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सपाट एक चमचा, स्वयंपाकातलंही धरून. आपल्या पंगतीत तेवढं भरीताची दुसरी वाढ येण्याआधीच संपतं. उन्हाळ्यात घामावाटे काही तरी निघून जातं. थंडीत सगळं मुक्कामाला.

---

सातपुडा_गुरुजी

मी अक्कलकुवा भागात शिक्षक आहे. तुमच्या चर्चेत आमचा डोंगर आला नाही म्हणून लिहितो. डाबकडे जानेवारीत गवतावरचं दव गोठतं, पहाटे पांढरा थर दिसतो. माणसं कुडाच्या घरात, मधोमध चूल किंवा शेकोटी, रात्रभर धूर. बीपी म्हणजे शहरातल्या जाड माणसांचा आजार असं इथं समजलं जातं. मागे आरोग्य शिबिरात मोजले तेव्हा काटक, सडपातळ, दिवसभर चढ-उतार करणाऱ्या माणसांचेही आकडे वर निघाले. तंबाखू जवळजवळ सगळ्यांच्या हातात.

आणि झटका आला तर? पाड्यावरून रस्त्यापर्यंत झोळी, तिथून गाडी, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून नंदुरबार, कधी पुढे धुळे किंवा सुरत. मध्ये भगतही असतो. मी भगताला नावं ठेवत नाही. लोकांना जो जवळ आहे त्याच्याकडे ते जातात. पण डॉक्टर, एवढा वेळ लागणारच असेल तर वाटेत आम्ही काय करायचं? ॲस्पिरिन द्यायची का? हार्ट अटॅकला देतात तशी.

---

फिजिशियन_धुळे

गुरुजी, ॲस्पिरिन अजिबात नको. हार्ट अटॅकची गोष्ट वेगळी. इथं रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन रक्त थांबू देत नाही, आणि रक्तस्राव आहे की गुठळी हे सीटीशिवाय मलाही कळत नाही, तर वाटेत तुम्हाला कसं कळणार. बीपीची गोळीही तोंडात घालायची नाही. गिळण्याची शक्ती गेलेली असते, पाणी-चहा फुप्फुसात जातो. कांदा नाही, तेल नाही.

करायचं ते असं. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली घसरतो का. नाव सांगायला लावा, जीभ जड झाली का. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन, आणि "माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता" ती वेळ कागदावर लिहून सोबत पाठवा. ही वेळ आम्हाला फार उपयोगाची. गुठळी असेल तर ती विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोळीत कुशीवर निजवा, डोकं थोडं उंच, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. आणि शक्य असेल तर सीटी स्कॅन जिथं आहे तिथंच थेट न्या. मधल्या दोन ठिकाणी सलाईन लावून घेण्यात वेळ घालवू नका.

रक्तस्रावात काही करता येत नाही, असंही समजू नका. २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १० देशांतले ७ हजार रुग्ण, त्यात भारतातलेही होते. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा उतारा द्यायचा, हे सगळं एकत्र लवकर केलं तर जास्त माणसं वाचली आणि कमी अपंगत्व घेऊन घरी गेली. यात महागडं यंत्र काही नाही.

आणि गुरुजी, प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या फुकट मिळतात. आशाताईंना गाठून तुमच्या शाळेत पालकसभेच्या दिवशी मोजणी ठेवता आली तर बघा.

---

सातपुडा_गुरुजी

२६ जानेवारीला झेंडावंदनाला सगळा पाडा शाळेत असतो. त्या दिवशी ठेवतो.

---

माहेर_शिरपूर

मेडिकलवाले दादा, सर्दीच्या गोळ्यांचं वाचून आईच्या डब्यात काय आहे ते दादाला बघायला सांगितलं. चार प्रकारची पाकिटं निघाली. बीपी असलेल्याने सर्दीला घ्यायचं काय मग?

---

गिरणाकाठ_मेडिकल

वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, ताप-अंगदुखी असेल तर पॅरासिटामॉल. बाकीची पाकिटं डॉक्टरला दाखवून मगच. या औषधांचा इतिहासही मोठा आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी सर्दीच्या गोळ्यांत फेनिलप्रोपॅनोलामिन असायचं. मेंदूतल्या रक्तस्रावाशी त्याचा संबंध दिसल्यावर २००० साली अमेरिकेत ते बाजारातून काढायला लावलं. आपल्याकडे बंदी यायला २०११ उजाडलं. मधली अकरा वर्षं ते आमच्याच फडताळात होतं. आत्ताची औषधं त्या मानाने सौम्य आहेत, पण बीपी असलेल्या माणसाने सर्दीची गोळी म्हणजे पेपरमिंट समजू नये.

---

पांझरा_वारा

अपडेट: वडिलांना धाग्याची प्रिंट काढून दिली. चष्मा लावून पूर्ण वाचली. म्हणाले, "हाऊ मेडिकलवाला गोळ्या विकासाठी लिही राह्यना." पण फिरायला आज सव्वासातला गेले.

---

गिरणाकाठ_मेडिकल

बाबांना सांगा, सरकारी दवाखान्यातून फुकट घ्या, माझ्याकडून एकही घेऊ नका.

---

रावेरचा_केळीवाला

मोजलं. १६८/१०२. डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मग गोळी लिहून दिली, रोज एक, आठ दिवसांनी परत बोलावलंय. सकाळी घ्या म्हणाले. पण माझी सकाळ कुठली धरायची? रात्री दोनला उठतो, सहाला येऊन झोपतो, दहाला पुन्हा उठतो. सकाळची गोळी दोनदा विसरलो पण.

---

फिजिशियन_धुळे

बरं झालं मोजलंत. वेळेचं फार मनावर घेऊ नका. इंग्लंड-स्कॉटलंडकडे २१ हजार लोकांवर पाच वर्षं हेच तपासलं, बीपीची गोळी सकाळी घ्यावी की रात्री. हार्ट अटॅक आणि पक्षाघात दोन्ही गटांत सारखेच. त्यामुळे जी वेळ तुम्ही विसरणार नाही ती तुमची वेळ. रोज ठरलेली मात्र हवी. डॉक्टरांना एक फोन करून विचारा, मग संध्याकाळच्या जेवणाबरोबर लावून घ्या. फक्त त्यात लघवीची गोळी मिसळलेली असेल तर रात्री सारखं उठावं लागेल, म्हणून ती सहसा सकाळी देतो.

शेतात जाताना कान, छाती आणि पाय झाका. गमबूट घाला. आणि कोणाला तरी सांगून जा.

---

रावेरचा_केळीवाला

फोन केला. संध्याकाळी चालेल म्हणाले. पाकीट भाकरीच्या टोपल्यात ठेवलंय, घरवालीच्या ताब्यात. लघवीची मिसळलेलीच निघाली. पण डॉक्टरसाहेब, रात्रभर पाणी भरायलाच उभा असतो, मला वेगळं उठायचंच कुठे आहे?